साठ जणांतली तिसावी

उदगीरहून एका वडिलांनी विचारलंय. मुलीला एमएचटी-सीईटीत ९४ पर्सेंटाइल आहेत, प्रवर्ग ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. समोर तीन वाटा आहेत: एका सरकारी स्वायत्त कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स, पुण्यातल्या एका खासगी स्वायत्त कॉलेजात कॉम्प्युटर, आणि पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात एआय-एमएल. तिसऱ्या ठिकाणची फी वर्षाला साडेतीन लाख. तिथून रोज फोन येतो की शुक्रवारपर्यंत पन्नास हजार भरा, नाहीतर सीट जाईल. ‘यातलं चांगलं विद्यापीठ कोणतं आणि ते ओळखायचं कसं?’

आधी शुक्रवारचं बघू, कारण तेच डोक्यावर बसलंय. खासगी विद्यापीठांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, आधीच सुरू होतात. कॅपची पहिली यादी लागायच्या आत तुमचे पैसे त्यांच्याकडे यावेत, एवढाच त्या फोनचा हेतू. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, दर वर्षी एक तारीख जाहीर करते; त्या तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर फी परत द्यावी लागते. मूळ गुणपत्रकं अडकवून ठेवायलाही कुठल्या संस्थेला परवानगी नाही. तरी माझा सल्ला असा की भरू नका. नियम तुमच्या बाजूने असला तरी पन्नास हजारांसाठी उदगीर-पुणे खेटे तुम्हालाच घालावे लागतील. आणि एकदा पैसे अडकले की मन त्याच बाजूला झुकतं. पालकांचं हे मी फार वेळा बघितलंय.

मी सव्वीस वर्षं इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवलं, त्यातली नऊ वर्षं प्रवेश समितीत होते. म्हणजे माहितीपुस्तिका वाचणाऱ्यांतली नाही, लिहिणाऱ्यांतली. म्हणून आता थोडं घरभेदीपण करते.

‘चांगलं विद्यापीठ कोणतं’ या प्रश्नाला आपल्याकडे तसा फारसा अर्थ नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ पासून आहे आणि त्याच्याशी शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी मुलांनी रांगा लावाव्यात, आणि काही ठिकाणी लायब्ररीचं कुलूप तपासणीच्याच दिवशी निघतं. पदवीवर नाव तेच. एवढंच काय, एकाच कॉलेजात एक विभाग जिवंत असतो आणि जिन्यापलीकडचा झोपलेला. तेव्हा तुलना करायची ती विभागाची. आणि ती कोणासाठी? तर साठ जणांच्या वर्गात गुणांप्रमाणे रांग लावली तर जी तिसावी येईल तिच्यासाठी. पहिली आलेली मुलगी कुठेही टाका, वाट काढते. पुस्तिकेत फोटो तिचाच असतो. तुमची लेक पहिली आली तर आनंदच आहे, पण निवड करताना ती तिसावी येईल असं धरून चला आणि त्या तिसावीचं तिथे काय होतं, एवढं शोधून काढा. बाकी सगळं सजावट.

ते कळायला सगळ्यात चांगला कागद फुकट मिळतो आणि जवळपास कोणी बघत नाही. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून येते. क्रमांक काय आला याकडे मी फारसं बघत नाही. त्यात संशोधनाला ३० टक्के वजन आहे आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के. या दोन्हींतून तिसावीला वर्गात काय मिळतं ते कळत नाही. पण भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली भरलेली माहिती स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. तिथे ‘एनआयआरएफ’ असं शोधलं की पीडीएफ मिळते. त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी एक तक्ता असतो: त्या वर्षी जागा किती, भरल्या किती, डिप्लोमाहून थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, वेळेत पास किती झाले, नोकरी किती जणांना लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती आणि पुढे शिकायला किती गेले.

उदाहरणापुरते आकडे घेते. समजा २२८ जणांनी प्रवेश घेतला, २४ डिप्लोमाचे आले, एकूण २५२. चार वर्षांत वेळेवर पास झाले १७६. नोकरी लागली १२१ जणांना, पुढे शिकायला गेले १४. म्हणजे २५२ पैकी १३५ जणांचं मार्गी लागलं, जेमतेम ५४ टक्के. आता याच कॉलेजच्या फ्लेक्सवर ‘८५ टक्के प्लेसमेंट’ लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं! कारण तिथे भागायला २५२ घेतलेले नसतात. ज्यांना साठ टक्क्यांच्या वर गुण आहेत, एकही बॅकलॉग (राहिलेला विषय) नाही आणि ज्यांनी प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलं, असे १४२ जण ‘पात्र’ धरलेले असतात. १२१ भागिले १४२, झाले ८५ टक्के. तिसावी मुलगी दुसऱ्या वर्षी एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, अडकली तर ती या हिशेबातून गुपचूप गळते.

पगाराचंही तसंच. ‘हायेस्ट पॅकेज’ हा एका मुलाचा पगार आहे, आणि अनेकदा तो त्याने कॉलेजबाहेरच्या स्पर्धेतून स्वतः मिळवलेला असतो. सरासरीसुद्धा त्या एका आकड्याने फुगते. मध्यक म्हणजे नोकरी लागलेल्यांची पगाराप्रमाणे रांग लावली की बरोबर मधल्याला किती मिळतात. तोच बघा. तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा आहे हे विसरू नका. आणि ‘ऑफर’ आणि ‘विद्यार्थी’ हे दोन वेगळे आकडे आहेत. एका मुलाला तीन ऑफर आल्या की कॉलेज तीन मोजतं.

हा तक्ता संस्थेनेच भरलेला असतो, अख्ख्या संस्थेचा असतो, शाखेचा नसतो. म्हणून पुढची पायरी: कॉलेजला ई-मेल करा की गेल्या वर्षीच्या या शाखेच्या बॅचमध्ये प्रवेश किती, वेळेत पास किती आणि नोकरी किती जणांना लागली, एवढे तीन आकडे द्या. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं ते दोन दिवसांत पाठवतात. जे ‘प्रत्यक्ष भेटीला या’ म्हणतात त्यांचंही उत्तर मिळालं असं समजा.

या कसोटीवर तुमची तिसरी वाट बघा. त्या विद्यापीठात एआय-एमएल सुरू होऊन किती वर्षं झाली? चार पूर्ण झाली नसतील तर एकही बॅच बाहेर पडलेली नाही. मग प्लेसमेंटचा आकडा आला कुठून? बहुतेक कॉम्प्युटर विभागातून, नाहीतर एमबीएतून.

आता शिक्षक. एआयसीटीई, म्हणजे केंद्राची तंत्रशिक्षण परिषद, तिच्या नियमाने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. २०२४ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी प्रवेशक्षमतेची वरची मर्यादा काढली आणि कॉम्प्युटरच्या जागा भराभर वाढल्या. एखाद्या शाखेत २४० जागा असतील तर चार वर्षांचे मिळून ९६० विद्यार्थी होतात. म्हणजे पहिल्या वर्षाचे गणित-भौतिकशास्त्राचे धरून अठ्ठेचाळीस शिक्षक लागतात. एवढे आणले कुठून? कॉलेजच्या वेबसाइटवर ‘मँडेटरी डिस्क्लोजर’ नावाचा कागद असतो, त्यात शिक्षकांची नावं असतात. एनआयआरएफच्या फाइलमध्ये रुजू झाल्याची तारीखही सापडते. दोन तृतीयांश मंडळी गेल्या दीड वर्षात आलेली असतील तर तिथे कोणी टिकत नाही. पगार थकतात म्हणून, कामाचा बोजा आहे म्हणून किंवा वरून जाच आहे म्हणून; कारण कोणतंही असो, भोगतात मुलं. मग प्रत्यक्ष गेलात की विभागाच्या सूचनाफलकावरचं वेळापत्रक बघा आणि त्यातली नावं वेबसाइटच्या यादीशी ताडून पाहा. यादीत बत्तीस आणि वेळापत्रकात एकोणीस असतील तर उरलेले तेरा तपासणीपुरते आहेत.

सरकारी म्हणजे आपोआप उत्तम, असंही नाही. सरकारी कॉलेजांत भरलेल्या जागांवरचे शिक्षक सहसा पक्के आणि शिकलेले असतात, पण रिक्त पदं वर्षानुवर्षं तशीच राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या लोकांवर गाडा चालतो. त्यांच्यातले काही फार मन लावून शिकवतात, पण पुढच्या सत्रात ते तिथे असतीलच याचा भरवसा नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या वाटेवरही हाच प्रश्न: इलेक्ट्रॉनिक्स विभागात मंजूर पदं किती आणि भरलेली किती?

नॅक ही संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद; तिच्या श्रेणीवरून लोक फार भांडतात. चारपैकी ३.५१ पासून ए-डबल-प्लस, ३.२६ पासून ए-प्लस, ३.०१ पासून ए. श्रेणी साधारण पाच वर्षांसाठी, आणि ती अख्ख्या संस्थेची. मी ज्या कॉलेजात होते तिथे समिती यायच्या आठवड्यात कुंड्या भाड्याने आणल्या होत्या. समिती गेली, कुंड्या परत गेल्या, श्रेणी राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीतल्या सदस्यांनाच लाचेच्या प्रकरणात अटक केली. म्हणून श्रेणी निरर्थक आहे असं नाही. श्रेणीच नसेल तर विचारायला हवं, पण ए आणि ए-प्लसमधल्या फरकावरून मुलीचं आयुष्य ठरवू नका. त्यापेक्षा एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं, मानांकन जास्त कामाचं, कारण ते शाखेला मिळतं. आपल्याला हवी ती शाखा त्यात आहे ना आणि मुदत संपली नाही ना, हे एनबीएच्या वेबसाइटवर बघा. पुस्तिकेत ‘एनबीए मानांकित’ लिहितात आणि मानांकन असतं सिव्हिलला.

पैशांचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुमच्या बाबतीत निम्मा निकाल इथेच लागतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट दुहेरी. एक, प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. दोन, खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या योजनेतून वगळली आहेत. म्हणजे सरकारी कॉलेज असो की पुण्यातलं खासगी कॉलेज, कॅपमधून गेलात तर शिक्षण शुल्काचा भार तुमच्यावर येत नाही. विकास शुल्क आणि बाकीचं किरकोळ भरावं लागतं. तिसऱ्या वाटेवर चार वर्षांचे चौदा लाख, वर राहणं-खाणं. फोन करणाऱ्या बाईंनी हे सांगितलं नसणार.

त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेयर आत्ताच हातात ठेवा. तहसीलमध्ये जूनमध्ये गर्दी किती असते ते तुम्ही जाणताच. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी माफीची रक्कम मागू नये असे आदेश आहेत, तरी काही ठिकाणी ‘महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) आले की परत देऊ’ म्हणून भरून घेतात. कोणतं कॉलेज असं करतं ते आधीच्या वर्षाच्या मुली एका फोनवर सांगतील. बाहेरगावी खोली घेऊन राहायची वेळ आली तर ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जिल्ह्यागणिक संख्या मर्यादित असते, म्हणून अर्ज लवकर करा. होस्टेल आवारातच आहे का हाही पैशांचाच प्रश्न आहे. पुण्यात ‘होस्टेल उपलब्ध’ म्हणजे कधीकधी कॉलेजपासून सहा किलोमीटरवरचा भाड्याचा फ्लॅट असतो आणि त्यात सहा मुली.

कॉलेजांच्या प्रकारांचा घोळ थोडक्यात सोडवते. साध्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम आणि पेपर दोन्ही विद्यापीठाचे. स्वायत्त कॉलेज स्वतः अभ्यासक्रम ठरवतं, स्वतः परीक्षा घेतं, पदवी मात्र विद्यापीठाची. सांगलीचं वालचंद याचं जुनं उदाहरण. काही संस्था स्वतःच विद्यापीठ आहेत: १८५४ पासूनचं सीओईपी २०२२ मध्ये राज्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं, माटुंग्याची आयसीटी २००८ पासून अभिमत आहे. आणि राज्याच्या कायद्याने उभी राहिलेली खासगी विद्यापीठं. यूजीसीच्या यादीत नाव असेल तर पदवी सगळ्यांचीच वैध. फरक तीन ठिकाणी पडतो: पेपर कोण काढतं, फी कोण ठरवतं आणि शिष्यवृत्ती लागू होते का. तुमच्या दोन नंबरच्या कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं; खासगी विद्यापीठ त्याच्या कक्षेत नाही. पहिल्या वर्षी साडेतीन लाख असलेली फी तिसऱ्या वर्षी किती असेल, हे लेखी मागून बघा.

स्वायत्ततेचा फायदा असा की अभ्यासक्रम लवकर बदलतो आणि निकाल वेळेवर लागतो. विद्यापीठांनी निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावावा असं महाराष्ट्राचा कायदा सांगतो. पण २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात ऑनलाइन तपासणीच्या गोंधळात निकाल महिनोन्महिने रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं, हे कोणी विसरलेलं नाही. तोटा असा की शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असल्याने गुण ढगात जातात. नऊच्या वर सीजीपीए असलेली पोरं मुलाखतीत साधी लिंक्ड लिस्ट लिहू शकत नाहीत तेव्हा कंपन्याही शहाण्या होतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा ओपन हाउसला जाऊ नका. त्या दिवशी आम्ही सगळे इस्त्रीचे कपडे घालून उभे असतो. एखाद्या बुधवारी, न कळवता, दुपारी तीनच्या सुमाराला जा. प्रयोगशाळेत प्रॅक्टिकल चालू आहे की दार ओढलेलं आहे, लायब्ररीत मुलं बसली आहेत की फक्त पंखे फिरताहेत, एवढं तरी दिसेल. मग गेटबाहेर झेरॉक्सच्या दुकानात चहा घेऊन उभे राहा. झेरॉक्सवाल्याला प्राचार्यांपेक्षा जास्त माहीत असतं. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्ट तिथे तयार मिळत असतील, किंमत ठरलेली असेल, तर आत प्रोजेक्ट कसे होतात ते कळलं. मुलांशी बोलायचं तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. पहिल्या वर्षाची अजून हरखलेली असतात आणि शेवटच्या वर्षाची नोकरीच्या घोरात. ‘कॉलेज कसं आहे?’ विचारू नका, उत्तर ‘छान’ येतं. तुमच्या वर्गात वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) किती जणांना लागला, मागच्या सेमिस्टरचा निकाल कधी आला, कोणत्या सरांचा तास चुकवावासा वाटत नाही, असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला दोन नावं पटकन आली तर तो विभाग जिवंत आहे.

कटऑफ बघायचा असेल तर सीईटी सेलच्या तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून बघा. चढता आहे की उतरता, एवढ्यापुरता त्याचा उपयोग. बाकी कटऑफ म्हणजे बाजारभाव. पुणे आणि कॉम्प्युटर हे दोन शब्द एकत्र आले की तो वाढतोच, मग आत शिकवोत न शिकवोत.

उरला शाखेचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तिचं गणित चांगलं आहे आणि कोडिंग तिने अजून केलेलं नाही. मग कॉम्प्युटरच हवं हे कोणी ठरवलं? आत्याच्या मुलाने? इलेक्ट्रॉनिक्समधून सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं, मोठ्या आयटी कंपन्या बहुतेक सगळ्या शाखांना बसू देतात. कॉम्प्युटरमधून चिप डिझाइनकडे वळणं त्या मानाने अवघड. शिवाय बऱ्याच स्वायत्त कॉलेजांत अठरा-वीस जादा श्रेयांक घेऊन दुसऱ्या शाखेत मायनर करता येतं. ती सोय त्या सरकारी कॉलेजात आहे का, ते विचारा. पण तिला सर्किटचा कंटाळा असेल तर ही सगळी हुशारी बाजूला ठेवा. चार वर्षं नावडत्या विषयात काढलेली मुलं मी बघितली आहेत, तिसावीची पन्नासावी होते.

माझा कौल विचाराल तर तिसरी वाट आजच बंद करा. पहिल्या दोनमध्ये, सरकारी कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात निम्म्याहून जास्त पदं भरलेली असतील, होस्टेल आवारात मिळत असेल आणि वेळेत पास होणाऱ्यांचा आकडा पुण्यापेक्षा बरा असेल, तर मी सरकारी घेईन. पदं रिकामी असतील आणि पुण्यातल्या कॉलेजचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग त्या दोन सरांची नावं पटकन सांगत असेल, तर पुणे. हे मला इथे बसून ठरवता येणार नाही. एक बुधवार आणि दोन ई-मेल एवढं काम तुमचं.

कॅपचा पसंतीक्रम भरताना ‘मिळेल का’ याचा विचार करून क्रम लावू नका. आवडीचा क्रम लावा, वरची पसंती न मिळाल्याने खालची हातची जात नाही. उलट नको असलेलं नाव मात्र वर टाकू नका. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागत होती. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना लागू होता. यंदाची माहितीपुस्तिका वाचून मगच बसा, हे नियम दर वर्षी हलतात. आणि फॉर्म सायबर कॅफेवाल्याला भरू देऊ नका, तिलाच भरू द्या. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, तेवढा सांगा.